२६ गिगाहर्ट्झवर क्रेन चालवायची असेल तर आधी दुसरी वाट शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या कलाभवनात (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत) एम.ई. करणारा आणि मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण अभियंता विचारतो: "आमच्या उंच शेडमध्ये दोन ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन) आहेत. त्या खालच्या कंट्रोल रूममधून चालवायच्या आहेत, म्हणजे आदेश वर जाणार आणि कॅमेऱ्याचे चित्र खाली येणार. २६ गिगाहर्ट्झचे फाइव्ह-जी वापरायचा विचार आहे. एक मिलिसेकंदाच्या आत ९९.९९९ टक्के पॅकेट पोहोचायला हवीत. डीएफटी कोडबुक, हायब्रिड बीमफॉर्मिंग, एमव्हीडीआर आणि डीप लर्निंगने बीमचा अंदाज, या चारपैकी कोणते तंत्र निवडावे?"

मी बडोद्यातच रेडिओचे काम करत आलो आहे आणि अशा शेडमध्ये अँटेना लावण्यातच माझी बरीच वर्षे गेली. उत्तर सविस्तर देतो, कारण क्रेनखाली माणसे काम करतात आणि हा विषय मला जिवापाड महत्त्वाचा वाटतो. बीम म्हणजे ठरावीक दिशेला रोखलेला रेडिओचा झोत, आणि ही चारही तंत्रे तो रोखण्याची आहेत. निकाल आधीच सांगतो: या चारपैकी काय निवडले याने तुमची विश्वासार्हता फारशी ठरणार नाही. थेट वाट बंद झाली त्या क्षणी सिग्नलला दुसरी वाट आधीपासून उघडी होती का, यावर ती ठरेल. ती वाट भिंतीवरच्या जागांमधून मिळते, गणितातून नंतर.

आधी हिशेब करू. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर. मोकळ्या जागेत ६० मीटरवर सुमारे ९६ डेसिबल नुकसान होते. तेच ३.५ गिगाहर्ट्झला साधारण १७ डेसिबल कमी असते. हा फरक भरून काढायलाच बीमफॉर्मिंग हवे. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने ८ × ८ घटक मांडले तर पॅनल जेमतेम साडेचार सेंटिमीटर बाजूचे होते. त्यातल्या प्रत्येक घटकाचा फेज असा लावायचा की हव्या त्या दिशेला सगळ्या लहरी एकाच ठेक्यात पोहोचतील. ६४ घटकांचा गेन (त्या दिशेला मिळणारी वाढ) १८ डेसिबल, त्यात एकेका घटकाचा स्वतःचा पाचेक धरला तर २३. बीमची रुंदी साधारण १३ अंश.

आता क्रेनवरचे उपकरण घ्या. साध्या हातातल्या मोबाइलच्या वर्गातले असेल तर त्याची दिशेतली ताकद सुमारे २२ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) धरावी. २२ मधून ९६ वजा, पॅनलचे २३ अधिक, म्हणजे भिंतीवर उणे ५१ डीबीएम पोहोचते. १०० मेगाहर्ट्झ पट्ट्याला रिसीव्हरचा गोंगाट उणे ८७ च्या आसपास. ३६ डेसिबल शिल्लक. कागदावर हे पाहून सगळे खूश होतात.

मग दुसरी क्रेन मध्ये येते.

तिचा गर्डर (आडवी पोलादी तुळई) थेट रेषेच्या दोन मीटर खालपर्यंत उतरलेला आहे आणि दोन्ही टोकांपासून ३० मीटरवर आहे असे धरा. धारदार कडेवरून लहर वळते त्या नेहमीच्या सूत्राने २६ गिगाहर्ट्झला साडेएकोणतीस डेसिबल जातात. तोच गर्डर ३.५ गिगाहर्ट्झला २१ घेतो. ३६ मधून साडेएकोणतीस गेले की साडेसहा उरतात. क्रेन बीमच्या कडेला असेल तर आणखी तीन जातात. चित्र तर तिथेच तुटते, आणि एक लाखात एकच चूक चालेल अशा पॅकेटलाही तीन-साडेतीन डेसिबलवर भरवसा ठेवायला मी धजणार नाही. लक्षात घ्या, हे सगळे क्रेनकडून भिंतीकडे येणाऱ्या दिशेचे आहे. भिंतीकडून क्रेनकडे पॅनलची ताकद डझनभर डेसिबलने जास्त असते, म्हणून तिकडे चाचणी घेणाऱ्याला अडथळा जाणवतच नाही. चाचणी नेहमी क्रेनकडून येणाऱ्या दिशेने घ्या. कॅमेऱ्याचे चित्र आणि आदेश पोहोचल्याची पोच, दोन्ही त्याच दिशेने येतात.

"मग पॅनल मोठे करू" हा पुढचा मोह. १६ × १६ केले तर आणखी सहा डेसिबल मिळतात, बीम साडेसहा अंशांवर येतो आणि तेवढाच भाग झाकायला चौपट बीम लागतात. त्या चौपट बीममधून योग्य बीम शोधायला वेळ लागतो. एकोणतीस डेसिबलच्या खड्ड्यात सहा डेसिबल टाकण्यासाठी तुम्ही शोधाचा वेळ चौपट करून घेतला. शेडमध्ये ८ × ८ पुरे. मोठे पॅनल मोकळ्या मैदानात, लांब पल्ल्याला शोभते.

आता वेळेकडे येऊ, कारण इथे पुस्तकातले बरेचसे लिखाण क्रेनला लागू पडत नाही. बीमफॉर्मिंगमध्ये दोन वेगवेगळी घड्याळे चालतात आणि लोक ती एकत्र करतात. मोठ्या क्रेनचा लांबीच्या दिशेचा वेग मिनिटाला ४० मीटर धरा, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरपेक्षा थोडा कमी. या वेगाला डॉपलर (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) ५८ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे चॅनलचा फेज सातेक मिलिसेकंदांत बदलतो. हे पहिले घड्याळ. बीमची दिशा मात्र इतक्या लवकर बदलत नाही. पॅनलपासून १० मीटरवरून क्रेन आडवी गेली तरी कोन सेकंदाला चार अंशांहून कमी सरकतो, आणि १३ अंशांचा बीम ओलांडायला तिला तीन सेकंदांहून जास्त लागतात. हे दुसरे घड्याळ. क्रेनच्या हालचालीमुळे बीम चुकतो ही भीती त्यामुळे मनातून काढून टाका. शेडमधला खरा शत्रू आडवी येणारी वस्तू आहे.

आणि ती वस्तूही अचानक येत नाही. लहर दोरीसारखी बारीक नसते. मधल्या भागात, ६० मीटरच्या वाटेवर, तिला लागणारी मोकळी जागा रेषेच्या दोन्ही बाजूंना चाळीस-एक सेंटिमीटर असते. गर्डरची कड या जागेत शिरल्यापासून ही जागा पूर्ण झाकेपर्यंत एक सेकंद सहज जातो. माणूस रिसीव्हरपासून मीटरभर अंतरावरून चालत गेला तर तिथे ही जागा दहा सेंटिमीटर, म्हणजे पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ. म्हणजे सिग्नल पडण्याआधी १०० ते २०० मिलिसेकंद तो डगमगायला लागतो. या पट्ट्यातल्या नेहमीच्या १२० किलोहर्ट्झ मांडणीत एक स्लॉट, म्हणजे पाठवण्याच्या वेळेचा एक तुकडा, ०.१२५ मिलिसेकंदाचा असतो. १०० मिलिसेकंदांत असे ८०० स्लॉट. तेवढ्या वेळात बीम बदलता येणार नाही असे कोण म्हणेल? अट एकच: तुम्ही ते डगमगणे पाहत असायला हवे.

इथेच बहुतेक मांडण्या फसतात. फाइव्ह-जी या पट्ट्यात जास्तीत जास्त ६४ बीममधून ओळख-संकेत फिरवते. ही फेरी पाच मिलिसेकंदांच्या खिडकीत बसते आणि साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा होते. क्रेनवरचे उपकरणही आठ दिशांना कान देत असेल तर सगळ्या जोड्या पाहायला आठ फेऱ्या, म्हणजे १६० मिलिसेकंद. डगमगण्याचा सगळा वेळ तिथेच संपला. त्यापुढे फाइव्ह-जीच्या मानकातली बीम तुटल्यावर सावरण्याची प्रक्रिया आहे. दर २० मिलिसेकंदांनी मोजमाप आणि सलग तीन अपयशांची अट ठेवली तर सावरायला सुरुवात होईपर्यंतच ६० मिलिसेकंद गेलेले असतात. ही प्रक्रिया फोनवर चित्रपट पाहणाऱ्यासाठी ठीक आहे. एक मिलिसेकंदाच्या वचनात तिला जागा नाही. तुटल्यावर सावरणे आणि न तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रश्नाला दुसरी हवी आहे.

म्हणून सगळ्या बीमचा शोध सतत घेत बसू नका. प्रत्येक क्रेनसाठी तीन-चार उमेदवार बीमची छोटी यादी ठेवा आणि फक्त त्यांचेच मोजमाप दर पाच-दहा मिलिसेकंदांनी घ्या. यादीतले सगळे एकाच पॅनलवरचे असतील तर मात्र उपयोग नाही.

समोरासमोरच्या दोन भिंतींवर, वेगवेगळ्या उंचीवर, किमान दोन पॅनल लावा. जमले तर तिसरे टोकाच्या गेबलवर (छताखालच्या तिकोनी भिंतीवर), क्रेनच्या रुळांच्याही वर. एकाच पॅकेटची प्रत दोन पॅनलवरून पाठवा. मानकाच्या सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, क्रेनकडे जाणाऱ्या डेटाच्या अशा प्रती दोन ठिकाणांहून पाठवण्याची सोय आहे. सतराव्या आवृत्तीत ती नियंत्रण-संदेशाला आणि क्रेनकडून येणाऱ्या डेटालाही मिळाली. उपकरण घेताना विक्रेत्याला नेमके हेच विचारा: दोन ठिकाणांहून पुनरावृत्ती तुमच्या बेस स्टेशनमध्येही आहे का आणि क्रेनवरच्या मोडेममध्येही आहे का? मानकात आहे म्हणजे डब्यात आहे असे होत नाही.

एक वाट शंभरात एकदा बंद असेल आणि दुसरीही तशीच, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. तिसरी जोडली की दहा लाखात एक, आणि तुम्हाला एक लाखात एक हवी आहे. पण हा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा वाटा एकमेकींवर अवलंबून नसतात. दोन्ही पॅनल एकाच खांबावर असतील तर एकच गर्डर दोन्हींना झाकेल आणि दुसऱ्या पॅनलचे पैसे वाया जातील. मी शेडमध्ये शिरलो की आधी वर पाहतो: क्रेन कुठवर जाते, हुक पूर्ण वर घेतल्यावर ट्रान्सफॉर्मरची टाकी कुठे लटकते, दुसरी क्रेन कुठे उभी करतात. मग कागदावर प्रत्येक पॅनलची सावली काढतो. दोन सावल्या जिथे एकमेकींवर पडतात ती जागा शोधायची आणि पॅनल हलवून ती जागा नाहीशी करायची. सगळ्या कामात हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि त्याला एक पेन्सिल लागते.

आता तुमच्या चार तंत्रांकडे.

एमव्हीडीआर, म्हणजे केपनने १९६९ मध्ये मांडलेली पद्धत, फार सुंदर आहे. हव्या दिशेचा सिग्नल जसाच्या तसा ठेवून बाकी सगळे जितके दाबता येईल तितके दाबायचे. पण तिला प्रत्येक घटकावरचा सिग्नल वेगवेगळा दिसायला हवा, आणि त्यांच्या परस्परसंबंधाचा अंदाज घ्यायला पुरेसे नमुने हवेत. रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी १९७४ मध्ये दाखवले की सर्वोत्तम निकालाच्या तीन डेसिबलच्या आत यायला घटकांच्या साधारण दुप्पट नमुने लागतात. ६४ घटकांना १२८. तुमच्या पॅनलमध्ये ६४ घटकांमागे रेडिओ साखळ्या (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारी सर्किटे) एक किंवा दोन असणार, त्यामुळे ६४ वेगळे सिग्नल तुम्हाला दिसणारच नाहीत. शिवाय दिशा थोडी चुकली तर ही पद्धत हव्या त्याच सिग्नलला परका समजून दाबते. गणितातल्या मॅट्रिक्सच्या कर्णावर थोडे वजन वाढवून ते टाळता येते, पण शेडमध्ये तुमचे दुखणे परक्या सिग्नलचे नाहीच. ही पद्धत रडारवाल्यांकडे राहू द्या.

हायब्रिड बीमफॉर्मिंग, म्हणजे एका पॅनलमागे अनेक रेडिओ साखळ्या ठेवून एकाच वेळी अनेक बीम काढणे, एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांना भरपूर डेटा द्यायला चांगले. तुमच्याकडे दोन क्रेन आहेत. तरी त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे, आणि ती लेटन्सीची, म्हणजे पॅकेटच्या विलंबाची, आहे. ॲनालॉग पॅनल एका वेळी एकाच दिशेला पाहू शकते. ते दुसऱ्या क्रेनकडे वळलेले असेल तेव्हा पहिलीचे पॅकेट थांबते. ओळख-संकेतांची फेरी चालू असतानाही तेच: ६४ बीमचे २५६ सिम्बॉल (स्लॉटमधले छोटे तुकडे), प्रत्येकी जवळपास नऊ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ पॅनल तुमच्याकडे पाहत नाही. एक मिलिसेकंदाचे वचन तिथेच मोडले, आणि ते दर २० मिलिसेकंदांनी मोडेल. यावर उपाय दोन. शेडला ६४ बीमची गरज नसते, आठ रुंद बीमनी ओळख पुरते, मग हाच वेळ सगळा मिळून ०.२९ मिलिसेकंदावर येतो. आणि दोन पॅनलच्या फेऱ्या एकाच वेळी ठेवू नका, एक फेरीत असताना दुसरे डेटासाठी मोकळे राहील अशी वेळ लावा. प्रत्येक क्रेनला स्वतंत्र रेडिओ साखळी देता आली तर आणखी बरे. हायब्रिडचा एवढाच उपयोग मला इथे दिसतो.

डीएफटी कोडबुक साधे आणि भरवशाचे. ठरावीक दिशांच्या फेजचे तक्ते चिपमध्ये भरलेले असतात आणि बीम बदलायला फक्त तक्त्याचा क्रमांक पाठवावा लागतो. सिम्बॉलमधल्या ०.५९ मायक्रोसेकंदाच्या मोकळ्या जागेत ही बदली उरकते. फेज शिफ्टर पाच बिटांचे असले तरी गेन फारसा जात नाही. मी हेच घेईन.

डीप लर्निंगबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिले आहे आणि तो उत्साह मला आवडला. पण क्रेन रुळांवर चालते! तिच्या लांब आणि आडव्या हालचालीवर एन्कोडर किंवा लेझर अंतरमापक बहुधा आधीच बसवलेला असतो आणि पीएलसीला (क्रेन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला) तिची जागा ठाऊक असते. रस्त्यावरच्या गाडीसाठी जो अंदाज लावायला एवढे मोठे नेटवर्क लागते, ती माहिती तुमच्याकडे तारेवर येते आहे. शेडचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चौकोन करा, क्रेन प्रत्येक चौकोनात नेऊन मोजा, आणि तक्ता बनवा: या जागी या पॅनलचा हा बीम, त्या पॅनलचा तो बीम. दुसऱ्या क्रेनची जागाही पीएलसीला माहीत आहे, म्हणून तिची सावली कधी पडणार हेही तक्त्याला आधी कळते. डगमगणे सुरू होण्याचीसुद्धा वाट पाहावी लागत नाही. नेटवर्क वापरायचेच असेल तर ते छोटी यादी सुचवायला वापरा. शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर सांगणारे मॉडेल प्रबंधात छान दिसते, पण तुमची मागणी एक लाखात एकाच चुकीची आहे आणि शेवटचा निर्णय मोजमापावरच व्हायला हवा. टाक्यांचा साइज बदलला, नवे व्हॅक्यूम ओव्हन बसले, की परावर्तने बदलतात. तेव्हा तक्ता पुन्हा मोजावा लागेल, हे देखभालीच्या वेळापत्रकात आजच लिहून ठेवा.

उष्णतेचे एक. मे महिन्यात बडोद्यात ४२-४३ अंश असते, पत्र्याखाली त्याहून जास्त. सगळे घटक सारखेच तापले तर बीम हलत नाही, एकीकडून तापले तर हलतो. पॅनल भट्टीजवळच्या भिंतीला लावू नका. पावसाचा प्रश्न शेडमध्ये नाही. दोन शेडमधला दुवा बाहेरून नेणार असाल तर तासाला १०० मिलिमीटर पावसात किलोमीटरला सुमारे १६ डेसिबल धरा, ३०० मीटरला पाचेक.

आता तुमच्या एक मिलिसेकंदाच्या आकड्याबद्दल. तो कुठून आला? बहुधा फाइव्ह-जीच्या उद्दिष्टांतून: ३२ बाइटचे पॅकेट, एक मिलिसेकंद, ९९.९९९ टक्के. क्रेनची गरज तुमच्या पीएलसीवाल्याला विचारा. आदेशाचे चक्र बहुतेक ठिकाणी दहा मिलिसेकंदांहून मोठे असते आणि किती वेळ आदेश आला नाही तर क्रेन स्वतःहून थांबावी, याची वेगळी मुदत असते. ती मुदत ही तुमची खरी मर्यादा. एक पॅकेट हरवल्याने काही होत नाही, सलग किती हरवली याने क्रेन थांबते. म्हणून सरासरी लेटन्सीचा आलेख मला दाखवू नका, सलग हरवलेल्या पॅकेटांची सगळ्यात लांब साखळी दाखवा. आणि हो, पाच स्लॉटांच्या साच्यात शेवटचाच स्लॉट क्रेनकडून येणाऱ्या डेटासाठी ठेवला असेल तर नुसती वाट पाहण्यातच अर्धा मिलिसेकंद जातो. बीमला दोष देण्याआधी तो साचा पाहा.

मोजणी किती करावी? एक लाखात एकाहून कमी चूक आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायला सलग तीन लाख पॅकेट एकही न हरवता जायला हवीत. दर दहा मिलिसेकंदांना एक धरले तर ५० मिनिटे. पण रिकाम्या शेडमधली ५० मिनिटे निरुपयोगी आहेत. मोठी टाकी उचलून फिरवली जाते, दुसरी क्रेन जवळून जाते, खाली ट्रेलर उभा असतो, अशी पूर्ण पाळी मोजा, कारण चुका गुच्छाने येतात.

माझी शिफारस: कॅमेऱ्याची चित्रे २६ गिगाहर्ट्झवर, दोन भिंतींच्या पॅनलवरून, जागेच्या तक्त्यासह. आदेश ३.५ गिगाहर्ट्झवर आणि त्यांची प्रत २६ वर. आपत्कालीन थांब्याचा सिग्नल २६ गिगाहर्ट्झवर एकटा कधीही सोडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. सावलीत २१ आणि साडेएकोणतीस यांतला फरक तिथे कुणाच्या तरी जिवाशी येतो.

खरेदीआधी एक कागद लागेल. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी घेतला आहे. कारखान्याला तो त्यांच्याकडून भाड्याने घ्यावा लागेल किंवा जाळे त्यांच्याकडूनच चालवून घ्यावे लागेल. ते बोलणे आत्ताच सुरू करा. तोवर शेडचा आराखडा, दोन्ही क्रेनच्या हालचालीच्या सीमा आणि सर्वांत मोठ्या टाकीची मापे मला पाठवा. सावल्या काढून पॅनलच्या जागा मी सुचवतो.